उजवा खांदा

कान्हाच्या उजव्या खांद्यामागे, पाठीवरच्या खवाट्याच्या हाडाची आडवी कड हाताला लागते तिच्या जरा वर, मैत्रेयीने दोन बोटं ठेवली आणि ती आत गेली. फार नाही, पेराएवढी. दुपारचे साडेतीन झाले होते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या क्लिनिकात पंखा कुरकुरत फिरत होता, खालच्या जीन्सच्या दुकानात कुणीतरी गाठोडं टाकल्याचा धप्प आवाज आला, आणि तिच्या बोटांना उगाचच वाटून गेलं की आपण घरी आहोत. परक्या माणसाच्या पाठीवर हात ठेवताना असं कधी होत नाही. दहा वर्षं ती लोकांचे खांदे तपासत आली होती. पाठ आली की बोटं आपली आपण कामाला लागत आणि डोकं संध्याकाळच्या भाजीचा विचार करायला मोकळं होई. आज बोटं थांबली. त्यांना ती जागा ओळखीची वाटली, आणि ओळख कुठली ते त्यांनी डोक्याला लगेच सांगितलं नाही.

"किती दिवस झाले, दादा?" तिने विचारलं.

"दिस कसले बाय, दोन वर्सं झाली." कान्हा बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात स्वतःचा भात लावायचा आणि एरवी ठेकेदाराकडे झाडं छाटायला जायचा. "पाय सटाकला, फांदी धरून लोंबकललो. तवा आतमधी कट्ट झाला. मंग हलूहलू दुखायचा थांबला. आता जातंय हात वर. ह्यो बग."

त्याने हात वर केला. आधी तो डावीकडे कलला, मग खांदा कानापर्यंत उचलला, मग हाताला मागून एक झोका दिला, आणि हात वर गेला. मैत्रेयी ज्या आवाजात रोज बोलते, त्या स्पष्ट, जरा वरच्या पट्टीतल्या, समोरच्याला धीर यावा म्हणून कमावलेल्या आवाजात म्हणाली, "दादा, हा हात खांदा उचलत नाहीये. मान उचलतेय, पाठ उचलतेय. आतली दोरी तुटलीय आणि तुटून खूप दिवस झालेत. तिथलं मांस वाळून गेलंय, म्हणून खड्डा पडलाय. तेव्हाच शिवली असती तर शिवली गेली असती. हे कोणी हात लावून बघितलं नाही का तेव्हा?"

"आमच्या घरात कोन डाक्टर हाय, बाय," कान्हा म्हणाला. "असता तं बगला असता."

तो तक्रार करत नव्हता. आहे ते सांगत होता. मैत्रेयीने बोटं काढून घेतली, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली, मोठ्या डॉक्टरांचं नाव लिहिलं, डाव्या हाताने जड उचलू नका, तोही जाईल, असं दोनदा बजावलं. तो गेल्यावर तिने हात धुतले. पुढची बाई गुडघ्याची होती. गुडघा तिने व्यवस्थित तपासला. पण हात धुताना, टॉवेलला पुसताना, मशीनचा काटा फिरवताना तिच्या उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना तो खड्डा लागतच राहिला, आणि आता तो कान्हाचा राहिला नव्हता. तो बाबांचा होता. तेवढाच, तिथेच, कडेच्या वर. बाबांचा खांदा हा तिने आयुष्यात तपासलेला पहिला खांदा.

पंधरा वर्षांपूर्वी, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला, आधी हाडं शिकवली होती आणि मग स्नायू. हाडांची पेटी घरी आणायची परवानगी होती. सरस्वतीने, म्हणजे आईने, ती पेटी स्वयंपाकघरात ठेवायला साफ नकार दिला, तेव्हा ती पलंगाखाली गेली. रामभाऊ कामावरून आले की हातपाय धुऊन पलंगावर बसत आणि म्हणत, काढ बघू आज कोण पाहुणे आलेत. ते उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये पॉलिशवाले. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, चपड्याच्या पॉलिशमध्ये बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत न्यायचा, दिवसभर, वर्षानुवर्षं. खवाट्याचं हाड त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा अंगठा त्यावरून फिरवून ते गंभीरपणे म्हणाले होते, "घासलंय चांगलं. पॉलिश कुणाचं?" आई हसली होती. मैत्रेयीने त्यांना दाखवलं होतं: ही बघा, ही आडवी कड. हिच्या खाली हा मोठा खड्डा आणि वर हा लहान खड्डा. हाडातल्या अशा खड्ड्याला फॉसा म्हणतात, दोघांना वेगळी नावं आहेत, ती पाठ करायची. ती पाठ केली होती तिने. आंघोळ करताना, कॉलेजला जाताना, पोळी लाटताना. शिकणाऱ्या माणसाला एक खोड लागते. नाव कळलं की वस्तू कळली असं त्याला वाटायला लागतं.

मग स्नायू आले. पुस्तकातल्या चित्रात ते लाल असतात, एकावर एक, आणि कुठला वर कुठला खाली ते काही केल्या डोक्यात बसेना. परीक्षेसाठी खरी पाठ पाहिजे, असं ती कुरकुरली, तेव्हा बाबांनीच युक्ती सुचवली. माझ्या पाठीवर काढ ना, म्हणाले. एका रविवारी स्टुलावर उघडे बसले, मैत्रेयीने स्केचपेनांचा डबा उघडला. मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा तो मोठा ट्रपिझिअस निळ्याने. खांद्याच्या टोकावर टोपीसारखा बसलेला डेल्टॉइड तांबड्याने. बाबांना प्रत्येकाचं काम काय ते ऐकायचं असायचं. डेल्टॉइड हात बाजूला उचलतो, तिने सांगितलं, सगळ्यांना तोच माहीत असतो, व्यायामशाळेत पोरं तोच दाखवतात. पण सुरुवात त्याला जमत नाही. हात अंगाला चिकटलेला असतो तेव्हा पहिली ओढ देतो तो हा, वरच्या लहान खड्ड्यात बसलेला, ट्रपिझिअसच्या खाली दडलेला, सुप्रास्पायनॅटस. हा आणि याचे तीन भाऊ मिळून हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात, नाहीतर डेल्टॉइड त्याला वर आपटेल. बाबा म्हणाले, "म्हणजे काम हा करणार आणि शाबासकी मुकादमाला. आपल्या कारखान्यासारखंच की गं सगळं." तिने त्या लहान स्नायूला हिरवा रंग दिला. तो भरताना पेनाचं टोक जरा खाली बुडत होतं, हे तिला आज आठवत होतं. पुस्तकातली आकृती सपाट होती, त्यामुळे तिने रंगही सपाट भरला.

रंग काढायला आईने खोबरेल तेल आणलं. निळा गेला, तांबडा गेला, हिरवा काही जाईना. आईने बोटाने घासून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, इथं खड्डा पडलाय की तुम्हाला. ह्या बाजूला तसा नाही." रामभाऊ म्हणाले, कामाचा असेल. आणि मैत्रेयी, अठरा वर्षांची, पहिल्या वर्षाची, पलंगावर पुस्तक उघडं टाकून बसलेली, मान वर न करता म्हणाली होती, "आई, तो फॉसा आहे. सगळ्यांना असतो."

सगळ्यांना असतो, खरंच. हाडात असतो. पण जिवंत माणसाच्या हाडातला तो खड्डा मांसाने भरलेला असतो, बोट ठेवलं तर भरीव लागायला हवं, हे ज्ञान पुढच्या वर्षी आलं. आलं ते इतरांसाठी आलं. बाबांचा खड्डा तोपर्यंत नाव देऊन निकालात काढलेला होता. आईसारख्या चौथी शिकलेल्या बाईने बोटाने दोन्ही बाजू ताडून पाहिल्या होत्या, जे मैत्रेयी आता रोज प्रत्येक रुग्णाचं न चुकता करते. आणि तिने ते पुस्तकाच्या जोरावर हाणून पाडलं होतं.

त्याच दिवशी तिने त्यांची ताकदही मोजली होती. जर्नलमध्ये लिहायची असते. बाबा, हात बाजूने वर करा. त्यांनी केला. मी दाबते, तुम्ही खाली येऊ देऊ नका. त्यांनी येऊ दिला नाही. दात आवळून धरला आणि हसले. तिने लिहिलं, पाचपैकी पाच. मॅडमनी खाली सही केली. बाबांनी ती सही शेजारच्या कुंदाताईंना दाखवली, मार्केटमधल्या सिंधी शेठला दाखवली, नंतर तिचं लग्न ठरतठरत मोडलं त्या पाहुण्यांनाही दाखवली. आमची पोर माझ्या पाठीवर शिकली, हे वाक्य ते अजून बोलतात. सोसायटीत कुणाचा खांदा आखडला की तिला हाक मारायच्या आधी ते स्वतःच जातात, दोन बोटं ठेवतात आणि विचारतात, इथं दुखतं का?

सहा वाजता ती निघाली. अंबरनाथला जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे दोघीजणींच्या मधे बसली. बाजूची मुलगी फोनवर बोलत होती, "अरे यार, मैंने बोला ना, येते मी, आई को मत बोल." कारखान्यांच्या बाजूने येणारा औषधासारखा वास, रस्त्याच्या कडेला उभे केलेले दिवाण आणि कपाटं, त्यावर टाकलेलं प्लास्टिक. कपाटं. कपाटावर तिचं मन अडकलं आणि मग ती टाळत होती तो हिशेब आपसूक मांडला गेला. तिच्या प्रवेशाच्या वर्षीची दिवाळी. बाबा दुपारीच घरी आले होते, उजवा हात शर्टाच्या दोन बटनांमधे अडकवून. जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्या माणसाचा हात सुटला, म्हणाले, जरा आखडलाय. आईने शेक दिला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले. स्टुलावर बसले तो रविवार फेब्रुवारीतला. तीन-चार महिने. तीन-चार महिन्यांची फाटलेली दोरी शिवता येते. त्या वेळी ती शिवता आली असती, आणि कळू शकणाऱ्या माणसाची बोटं त्यावर टेकलेली होती. पुढे पाच-सहा वर्षांनी बाबा म्हणायला लागले की संध्याकाळी हात जड होतो. काम करणाऱ्याचं दुखणारच, असं म्हणून तिने पिशवीत गरम पाणी भरून दिलं. तीही डिग्री घेतल्यानंतर.

आणि रोजचं. रोजचं तर काय सांगावं. बाबा केस डाव्या हाताने विंचरतात. फळीवरचा डबा डाव्या हाताने काढतात. शर्ट घालताना उजवी बाही आधी, काढताना उजवी शेवटी. हे सगळं तिने क्लिनिकात दुसऱ्या कुणाचं पाहिलं असतं तर दारातून आत येईपर्यंत ओळखलं असतं. घरच्या माणसाला आपण बघत नाही, गृहीत धरतो. आणि गेल्या पावसाळ्यापासून डावा दुखतोय म्हणतात, तर ती डाव्याला व्यायाम देतेय. पंधरा वर्षं डाव्याने दोघांचं ओझं ओढलं. कान्हाला जे दोनदा बजावलं ते घरात सांगायचं तर उजव्याचं नाव घ्यावं लागेल, त्याशिवाय डावा वाचणार नाही. आणि उजव्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्या रविवारचं घ्यायचं. रामभाऊंनी आयुष्यात मिरवलं ते एवढंच. स्वतःचं घर झालं तेव्हाही त्यांनी पेढे वाटले नव्हते. त्या सहीचे वाटले होते. ते काढून घ्यायचं, आणि घेणारी आपण. न सांगता डाव्याचं काही करता येईल का, यावर तिने रिक्षा उड्डाणपुलाखालून वळेपर्यंत विचार केला. वयोमानाने दोन्ही हातांना जपा, असं मोघम काहीतरी. बाबा मोघम ऐकणारे नाहीत. ते विचारतील, कुठला स्नायू? आणि ती खोटं नाव सांगेल. तिला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. रिक्षावाला दोनदा म्हणाला, मॅडम, आपका आ गया.

घरात आई मेथी निवडत बसली होती आणि बाबा खिडकीशी. टीव्हीचा आवाज बंद होता, चित्र चालू होतं. तिने पर्स ठेवली, पाणी प्यायली. चहा टाकू का, आईने विचारलं. नको म्हणाली. मग उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, शर्ट काढता का जरा?"

"आज डावा बरा आहे गं. राहू दे, दमून आलीस."

"उजवा बघायचाय."

आईचा हात मेथीवर थांबला. रामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "त्याला काय धाड भरलीय," ते म्हणाले. "तो तर पास झालेला आहे."

"तरी काढा."

ते उठले. डाव्या हाताने बटनं सोडली, डावी बाही आधी काढली आणि मग उजव्या हातावरून शर्ट ओघळू दिला. मैत्रेयी मागे गेली. बोटं ठेवली. कान्हापेक्षा खोल होता. कडेच्या वर नुसती कातडी आणि खाली हाड, आणि कडेच्या खालीसुद्धा, मोठ्या खड्ड्यातही, आता उतार लागला होता. तिने दुसऱ्या हाताची बोटं डाव्या बाजूला ठेवली. डावीकडे भरीव होतं. आईने खोबरेल तेलाच्या बोटाने जे एका क्षणात केलं होतं ते करायला तिला पंधरा वर्षं लागली.

"हात वर करा."

त्यांनी केला. वजन डाव्या पायावर गेलं, कंबर जराशी सरकली, मान आखडली, खांदा कानाकडे गेला, मग झोका, मग हात वर, थेट डोक्यापर्यंत. पाहणाऱ्याला वाटावं की एका म्हाताऱ्याने सावकाश हात वर केला. त्यात इतकी कलाकुसर होती की कुणी शिकवल्याशिवाय किंवा बसून शिकल्याशिवाय येणार नाही.

"खाली घ्या." हात खाली आला. तिने आपला डावा तळवा त्यांच्या खांद्यावर, मान आणि सांध्याच्या मधे ठेवला आणि घट्ट दाबून धरला, खांदा वर येऊ नये इतका. "आता उचला."

तळव्याखाली तो मोठा जाड स्नायू उसळला. भाताला उकळी आली की झाकण जसं हातालाच ढकलतं तसा. तिने दाब सोडला नाही. बाबांचा हात मांडीपासून सुटला, वीतभर बाजूला आला आणि तिथे थांबला. कापत राहिला. तिने मनात दहा आकडे मोजले. तो वीतभराच्या पुढे गेला नाही.

"कपाट उतरवताना ना?" ती म्हणाली. "त्या दिवाळीत."

टीव्हीवर कुणीतरी हातवारे करून बोलत होतं. रामभाऊ म्हणाले, "तुला आज कळलं?"

"आज."

"हं."

"बाबा, मी तिथेच बोटं ठेवली होती. तेव्हा. आई म्हणाली होती, आणि मी तिला गप्प केलं. तेव्हा शिवता आलं असतं. आता काही होत नाही. माझ्यामुळे झालं हे." तिचा तो कमावलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटतेय."

"मला त्या दिवशी भीती होती ती हिची," रामभाऊ म्हणाले आणि हनुवटीने आईकडे दाखवलं. "तुझी नव्हती. तू पुस्तकात बघत होतीस."

आई खाली बघत राहिली. तिच्या मांडीवरची मेथीची जुडी तशीच होती.

"आठ दिवस शिकत होतो मी ते," ते पुढे म्हणाले, आवाज अगदी साधा, कुणाला पत्ता सांगावा तसा. "कारखान्यात आरशाची कपाटं असायची ना पॉलिशला. जेवायच्या सुट्टीत त्यांच्यासमोर उभा राहायचो. कसा केला की वर जातो आणि खोटा दिसत नाही ते बघत. तू म्हणालीस परीक्षेसाठी पाठ पाहिजे. दुसरी पाठ कुठून आणणार होतो? आणि तेव्हा दवाखाना केला असता तर तीन महिने घरी बसलो असतो, आणि तू कॉलेज सोडून कुठल्यातरी दुकानात लागली असतीस. तुला मी ओळखतो की. एकदा तू पाच मार्क दिलेस म्हटल्यावर मग काय, मलाही वाटायला लागलं बरा आहे म्हणून."

मैत्रेयीला वाटलं की आपण रडायला हवं, पण रडू आलं नाही. तिच्या तळव्याखाली तो स्नायू अजून तसाच ढकलत होता, थकला होता तरी ढकलत होता, आणि वीतभर अंतरावर तो हात थरथरत अधांतरी होता. तो त्यांनी खाली घेतला नव्हता. तिने खाली घ्या म्हटलं नव्हतं म्हणून.

"बास करा बाबा," ती म्हणाली. "ठेवा खाली."

"नाही, जातो अजून वर," रामभाऊ म्हणाले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी मान जराशी वळवून आपल्या खांद्यावरच्या तिच्या हाताकडे पाहिलं. "तू फक्त हात काढ तुझा. मग उचलतो बघ, पूर्ण."

तिने हात काढला नाही.